सशाच्या तोंडावरचा शिक्का

ग्रंथपालांच्या अधिवेशनाची कार्यक्रमपत्रिका छापायला जाते तेव्हा जवळजवळ सगळ्यांची सोय लागलेली असते. उद्घाटक वर, अध्यक्ष त्यांच्या खाली, स्वागताध्यक्ष फोटोसकट, आणि येणार की नाही हे शेवटपर्यंत नक्की नसलेले आमदार 'प्रमुख उपस्थिती'त. घोडं अडतं ते एकाच माणसापाशी. मुलांसाठी गोष्टी लिहिणारा आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढणारा हा जो प्राणी आहे, त्याला बसवायचं कुठे? लेखकांत घालावं तर लेखक म्हणतात, पानावर चारच तर ओळी आहेत. चित्रकारांत घालावं तर चित्रकार म्हणतात, सशाला कोट घातलाय. शेवटी त्याचं नाव 'विशेष सहभाग' या सदरात, आभारांच्या वर आणि ध्वनिव्यवस्थेच्या जरासं अलीकडे, जागा उरेल तिथे जातं.

अधिवेशन बालविभाग सांभाळणाऱ्या ग्रंथपालांचं असलं तरी क्रम बदलत नाही. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, प्रास्ताविक, आणि 'दोन शब्द' या नावाखाली तीन हजार. यातलं स्वागतगीत तेवढं मुलांकडे असतं. गाणं झालं की त्यांना बिस्किटाचे पुडे देऊन घरी पाठवतात आणि मग 'आजची मुलं वाचतात का?' या विषयावर परिसंवाद सुरू होतो.

चहाच्या सुटीत लेखक-चित्रकाराभोवती घोळका जमतो. "सर, मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" असं एक जण आस्थेने विचारतो, बालसाहित्य ही पडसं-खोकल्यासारखी आपोआप बरी होणारी गोष्ट असावी, असा त्याचा सूर असतो. दुसऱ्याच्या नातवाचा हात चांगला आहे, तेव्हा कुठला क्लास लावावा? तिसरा जरा बाजूला घेऊन म्हणतो, "सर, आमच्या ग्रंथालयाला एक संच भेट मिळाला तर बरं होईल. अनुदान अजून जमा झालं नाही." हा तिसरा मात्र शंभर टक्के खरं बोलत असतो. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली हजारो शासनमान्य ग्रंथालयं चालतात आणि त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असते. गावातल्या 'ड' वर्गातला ग्रंथपाल हाच झाडलोट करतो, वर्तमानपत्रं मांडतो, देवघेव बघतो आणि संध्याकाळी कुलूपही लावतो. त्याच्या मानधनाचा आकडा ऐकल्यावर लेखक-चित्रकार स्वतःच्या मानधनाचा विषय काढत नाही. तसा तो आयोजकांनीही काढलेला नसतोच.

ही दोघं एकमेकांसाठीच जन्माला आली आहेत. एक पुस्तक करतो, दुसरा ते पोराच्या हातात ठेवतो. आणि तरीही त्यांच्यात एक जुनं, न बोललेलं भांडण आहे, ते रबरी शिक्क्यावरून.

शिक्का गोल असतो, शाई जांभळी असते. मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर एक, शेवटच्या पानावर एक, आणि एक 'गुप्त पाना'वर. गुप्त पान म्हणजे त्या ग्रंथालयाने कायमचं ठरवून ठेवलेलं पान. चोराने पहिलं-शेवटचं पान फाडलं तरी मालकी सिद्ध व्हावी म्हणून. चारशे पानी कादंबरीत पंचविसाव्या पानावर शिक्का बसला तर कुणाचं काही बिघडत नाही. पण चित्रपुस्तक असतं चोवीस पानी. त्याला पंचविसावं पानच नसतं. मग कर्तव्यदक्ष ग्रंथपाल पुस्तक उलटसुलट करून मोकळी जागा शोधतो. ही मोकळी जागा चित्रकाराने प्रकाशकाशी भांडून राखलेली असते. "एवढं पान कोरं कशाला? दोन फुलपाखरं टाका की," या सूचनेला तीन आठवडे तोंड देऊन त्याने तो बर्फ, ते आभाळ किंवा ती दुपार पांढरी ठेवलेली असते, आणि तिच्या मधोमध ससा एकटा उभा असतो. त्या पांढऱ्यावर शिक्का उमटतो. नेम जरा चुकला तर सशाच्या तोंडावरच.

त्यातून पुस्तक वाचलं तर बाइंडरकडे जातं. मुलांनी हाताळून सैल केलेली पानं तो जाड दोऱ्याने शिवतो, वर पुठ्ठा आणि कापडी पाठ लावतो. पुस्तक आता पन्नास वर्षं टिकेल. फक्त दोन पानांवर पसरलेल्या हत्तीची सोंड शिलाईत गेलेली असते. याहून सुरक्षित पुस्तकं काचेच्या कपाटात असतात. किल्ली कार्यवाहांकडे, आणि कार्यवाह बाहेरगावी. का, तर "मुलं फाडतात हो."

अमेरिकेत हा शिक्का आणखी जहाल निघाला. न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीच्या बालविभागावर अ‍ॅन कॅरल मूर या बाईंचं कित्येक वर्षं राज्य होतं. मुलांना वाचनालयात मोकळेपणी येऊ द्यावं, त्यांच्या उंचीच्या टेबल-खुर्च्या असाव्यात, हे सगळं त्यांनी घडवून आणलं. त्याबद्दल त्यांना दंडवत. पण त्यांच्याकडे एक शिक्काही होता, म्हणे. 'तज्ज्ञाच्या मते खरेदीस योग्य नाही' अशा अर्थाचा. तो पुस्तकावर बसला की लेखकाने दुसरा धंदा शोधावा. मार्गारेट वाइज ब्राउन यांचं 'गुडनाइट मून' १९४७ मध्ये निघालं आणि घराघरांत गेलं, पण मूरबाई निवृत्त झाल्यावरही त्यांच्या आवडीनिवडीचा दरारा एवढा, की त्या ग्रंथालयात पुस्तक शिरायला १९७२ उजाडलं. दुसरीकडे याच अमेरिकेत बालग्रंथपालांनीच १९३८ पासून चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला कॅल्डेकॉट पदक द्यायची प्रथा पाडली. तिथे ग्रंथपाल चित्रकाराला तारतो किंवा मारतो. आपल्याकडे तो शाल देतो.

चित्रकाराला निव्वळ 'चित्रंही छान काढतात' म्हणून आटपण्याचे दिवस खरं तर मराठीतही संपायला हवे होते. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर'सारखी पुस्तकं ज्याने मुलाला मांडीवर घेऊन वाचली आहेत त्याला माहीत आहे, की त्यातलं चित्र मजकुराला बांधलेलं तोरण नसतं. आजीचा स्वभाव ओळींमध्ये असतो तितकाच तिच्या बसण्याच्या ढबेत असतो. त्यांना २०१४ चा साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला आणि २०१६ मध्ये टाटा ट्रस्ट्सच्या 'पराग'चा पहिला बिग लिट्ल बुक पुरस्कारही. एकाच डोक्यातून ओळ आणि रेघ निघते तेव्हा काय होतं, हे दाखवायला दुसरं उदाहरण शोधायची गरज नाही.

तेव्हा या दोन जमातींचा एकदा नीट मेळ घालायचा असेल, तर अधिवेशनाची जागा बदलावी. जिल्ह्याच्या ठिकाणचं मंगल कार्यालय पुरे झालं. बालग्रंथपालांचं पुढचं अधिवेशन तिरुवैयारूला भरवावं.

सूचना ऐकून कार्यकारिणी चमकेल. तमिळनाडूत? तंजावरच्याही पुढे तेरा किलोमीटर? पण वंशावळ पाहिली तर मराठी मुलांच्या पुस्तकाचं आजोळ त्याच टापूत आहे. पुण्यात दुसरे बाजीराव गादीवर होते आणि छापखान्याचं नाव निघालं तर भुवया उंचावत होत्या, त्या काळात तंजावरचे सरफोजीराजे भोसले, दुसरे, यांनी १८०५ मध्ये देवनागरी छापखाना घातला. 'नवविद्याकलानिधी' हे त्याचं नाव. १८०६ मध्ये तिथून 'बालबोधमुक्तावली' बाहेर पडली: इसापच्या गोष्टींचं सख्खण पंडितांनी केलेलं मराठी रूप. मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचं 'बाळमित्र' यायला १८२८ साल उजाडलं. म्हणजे कोल्हा, करकोचा आणि द्राक्षं मराठीत छापील झाली ती कावेरीच्या पाण्यावर, मुळामुठेच्या नव्हे. आणि तब्बल बावीस वर्षं आधी. पुण्याच्या बालसाहित्यिकाला ही माहिती हळूच, जेवण झाल्यावर सांगावी.

सरफोजी राजा म्हणून फार काही करू शकत नव्हता. १७९९ च्या तहाने कारभार इंग्रजांनी घेतला आणि त्याच्याकडे किल्ला व आसपासचा थोडा भाग उरला. रिकामपण मिळालेले राजे सहसा शिकारीला जातात. याने पुस्तकं जमवली. जुन्या नायक राजांपासून चालत आलेला सरस्वती महाल त्याने इतका वाढवला की ग्रंथालय त्याच्याच नावाने ओळखलं जाऊ लागलं. तमिळ, तेलुगू, संस्कृत, मराठी पोथ्या, मोडीची बाडं, युरोपहून मागवलेले ग्रंथ. त्यातल्या कितीतरी पुस्तकांवर त्याची सही आहे. शिक्का नव्हे, सही. वाचून खाली ठेवलेल्या माणसाची असते तशी.

शिवाय त्याला शिकवण्याचा नाद. 'देवेंद्र कुरवंजी' हे त्याचं मराठी नाटक घ्या. कुरवंजी म्हणजे दक्षिणेकडची भविष्य सांगत हिंडणारी बाई. तिच्या तोंडून नायिकेचं लग्न कधी जमणार एवढंच बाहेर पडावं, अशी रीत. सरफोजीची कुरवंजी चक्क जगाचा भूगोल सांगते. खंड, देश, समुद्र, सगळं गाण्यात. आजच्या एखाद्या संपादकाने हे हस्तलिखित 'नेमका वयोगट कळवावा' असा शेरा मारून परत पाठवलं असतं.

लेखक-चित्रकाराला तिरुवैयारूला जाताना वाटेत तंजावरला उतरवावंच लागेल, आणि उतरल्यावर तो वेळेत परत मिळेल याची खात्री नाही. राजाने नेत्ररोग्यांच्या नोंदी करवून घेतल्या, आणि त्यांसोबत त्या त्या रोग्याच्या डोळ्याची रंगीत चित्रं काढवून घेतली. सुजलेली पापणी, बुबुळावरचा डाग, लाल झालेला कोपरा, सगळं इतक्या निगुतीने, की पाहणाऱ्याचा हात आपोआप स्वतःच्या डोळ्याकडे जातो. सरस्वती महालाच्या संग्रहालयात आणखी एक खजिना आहे: चौदाव्या लुईच्या दरबारी चित्रकाराचे, शार्ल ल ब्रॅंचे तक्ते. त्यात माणसांचे चेहरे पशुपक्ष्यांच्या चेहऱ्यांशी ताडून दाखवले आहेत. एका बाजूला घुबड, शेजारी घुबडासारखा गृहस्थ. उंट, आणि त्याचा मानवी चुलतभाऊ. पाचच मिनिटं हे तक्ते पाहून लेखक-चित्रकार अधिवेशनाच्या व्यासपीठासमोर जाऊन बसला, तर त्याचं चित्त उद्घाटकांच्या भाषणात राहणार नाही. तो मान खाली घालून कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर काहीतरी खरडत बसेल आणि शेजारचा ग्रंथपाल समजेल, टिपणं चालली आहेत.

आता खुद्द तिरुवैयारु. गाव कावेरीच्या काठी, नाव पाच नद्यांवरून पडलेलं, आणि ख्याती कर्नाटक संगीतातले रचनाकार त्यागराज यांच्यामुळे. १७६७ ते १८४७ असा त्यांचा काळ. तमिळ मुलूख, मराठी राजा आणि तेलुगू गाणी, असा तो मामला होता आणि कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. राजाने दरबारात बोलावलं तरी त्यागराज गेले नाहीत, असं सांगतात. बालसाहित्यिकांनी या गोष्टीचा अभ्यास करायला हरकत नाही. बोलावणं नाकारता येतं, ही कल्पनाच अनेकांना नवी आहे.

दर वर्षी पौष वद्य पंचमीला त्यांच्या समाधीपाशी आराधना होते. त्या सकाळी शेकडो गायक-वादक जमिनीवर समोरासमोर रांगा करून बसतात आणि त्यांच्या पाच पंचरत्न कृती एकत्र गातात: नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतल्या. ज्यांच्या मैफलीची तिकिटं महिनाभर आधी संपतात ते, आणि ज्यांनी गेल्या वर्षी शिकायला सुरुवात केली ते, एकाच सतरंजीवर. बाकीच्या दिवसांत एकेकाला गायला मिळतात मोजकी मिनिटं. नाव केवढंही असो, वेळ संपली की उठायचं. बिदागी नाही. यातला बिदागीचा भाग आपल्या संयोजकांना तोंडपाठ आहे. मोजक्या मिनिटांचा आणि सतरंजीचा तेवढा शिकायचा राहिला आहे. नुसती कल्पना करा: व्यासपीठच नाही, त्यामुळे व्यासपीठावर कोण बसणार हा प्रश्न नाही. अध्यक्ष खाली, लेखक खाली, 'ड' वर्ग खाली, आणि सगळे मिळून पाच गोष्टी मोठ्याने वाचताहेत.

अर्थात आराधनेचा इतिहासही काही सोवळा नाही, आणि तिथेच मराठी संस्थांना अगदी घरच्यासारखं वाटेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आराधना करणाऱ्यांत दोन तट पडले. एक मोठा पक्ष, एक धाकटा पक्ष. वेगळे मंडप, वेगळ्या वर्गण्या, एकमेकांच्या जेवणावळींवर बारीक नजर. आणि एका मुद्द्यावर दोन्ही पक्षांचं एकमत: बायकांनी गायचं नाही. मग बंगळूर नागरत्नम्मा आल्या. म्हैसूर दरबारात नाव मिळवलेल्या, देवदासी परंपरेतल्या या विदुषी गायिकेने समाधीची पडझड झालेली जागा पाहिली, स्वतःची मिळकत खर्चून जमीन घेतली आणि तिथे मंदिर उभं केलं. मंदिर त्यांचं, गायला मात्र त्यांनाच बंदी! त्यांनी अर्जविनंत्यांत फार वेळ दवडला नाही. १९२७ मध्ये बायकांची स्वतंत्र आराधना सुरू करून टाकली. असा तिसरा पक्ष झाला. १९४० च्या सुमाराला तिन्ही पक्षांना एकत्र यावं लागलं, आणि आज समाधीसमोर नागरत्नम्मांचा पुतळा बसलेला आहे.

बालग्रंथपालांच्या अधिवेशनात हाच प्रयोग करण्याजोगा आहे. ज्यांच्या नावाने सगळं चालतं त्यांना स्वागतगीतानंतर घरी धाडायचं ही तऱ्हा आपलीच. तर मुलांनी मंडपाच्या मागे आपला वेगळा पक्ष काढावा. त्यांच्या परिसंवादाला विषय तयार आहे: 'आजचे ग्रंथपाल वाचतात का?'

याच जुन्या तंजावर जिल्ह्याने देशाला ग्रंथालयशास्त्रही दिलं, हा योगायोग की कावेरीचं पाणी, कुणास ठाऊक. एस. आर. रंगनाथन शियाळीचे, जन्म १८९२. गणिताचे प्राध्यापक. १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि थोड्याच दिवसांत इतके कंटाळले, की मला परत शिकवायला घ्या म्हणून कॉलेजच्या प्राचार्यांकडे गेले. आधी इंग्लंडला जाऊन ग्रंथालयं बघून या, मग ठरवा, असं त्यांना सांगण्यात आलं. तिथे लंडनमधल्या सेल्फ्रिजच्या दुकानात त्यांना मेकॅनोचा संच दिसला. पट्ट्या, चाकं, स्क्रू तेच, पण दर वेळी वेगळं खेळणं. पुस्तकांच्या वर्गीकरणाची त्यांची जगप्रसिद्ध कोलन पद्धत, जी १९३३ मध्ये छापली गेली, ती इथून सुचली. सारं गंभीर ग्रंथालयशास्त्र एका पोरखेळावर उभं आहे, हे परीक्षेत दोन गुणांसाठी विचारतात, पण बालविभागाच्या दारावर कुणी लिहीत नाही.

रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यातला पहिलाच असा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. काचेच्या कपाटाची किल्ली घेऊन बाहेरगावी गेलेल्या कार्यवाहांपर्यंत तो अजून पोचायचा आहे. त्याच वर्षी मन्नारगुडीच्या बाजूला कनकसभै पिळ्ळै या निवृत्त इंजिनिअरांनी बैलगाडीवर ग्रंथालय केलं आणि रंगनाथनांच्या हस्ते ते निघालं. बैल चालले, पुस्तकं गावोगाव हिंडली. १९४८ मध्ये मद्रासने ग्रंथालयाचा कायदा केला, स्वतंत्र भारतातला पहिला. आपल्याला आणखी एकोणीस वर्षं लागली. आणि मुलांच्या मराठी पुस्तकांसाठी दक्षिणेकडे बघायची पाळी आजही संपलेली नाही. १९९६ मध्ये चेन्नईत सुरू झालेली 'तूलिका' ही प्रकाशन संस्था इतर भाषांबरोबर मराठीतही चित्रपुस्तकं काढते. २०० वर्षांनी ससा त्याच दिशेने येतो आहे.

राहता राहिला व्यवहार. मुंबई-पुण्याहून चेन्नई, तिथून रात्रीची गाडी, सकाळी तंजावर, पुढे बस. 'ड' वर्गाला प्रवासखर्च कोण देणार, यावर कार्यकारिणीच्या दोन बैठका सहज जातील. लेखक-चित्रकार मात्र स्वखर्चाने येईल. त्याला सवय आहे. बॅनरही त्याच्याकडूनच करून घेतील. गोष्टवाचनाच्या सत्रात तो सतरंजीवर बसेल, पुस्तक छातीशी धरून पानं मुलांकडे वळवेल आणि मराठीत वाचेल, आणि समोरची तमिळ पोरं चित्रांवरून सगळं समजून योग्य त्या ठिकाणी खिदळतील. मागच्या रांगेतला ग्रंथपाल त्यांच्या बोटांकडे धास्तावून बघत राहील, कारण नुकताच अशोका हलवा वाटलेला असेल. मूगडाळीचा हा तुपाळ प्रकार ही तिरुवैयारूची खासियत आहे आणि चित्रपुस्तकावर तो शिक्क्यापेक्षा पक्का उमटतो.

दुपारच्या पंगतीत खरा रंग भरेल. केळीच्या पानावर सांबार पडलं की कुणीतरी ती आख्यायिका काढणारच: तंजावरच्या भोसल्यांच्या मुदपाकखान्यात आमसुलं संपली, आमटीत चिंच घातली आणि पाहुण्या आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून पदार्थाला नाव पडलं. पुरावा मागू नये. वाढणारे स्थानिक आचारी ही गोष्ट मराठी पाहुण्यांकडून अनेकदा ऐकून चुकलेले असतात; ते हसून आणखी एक पळी वाढतात. समारोपात ठरावांचं वाचन होईल. बालविभागासाठी वेगळी खरेदी, चित्रावर शिक्का न मारणे, कपाटाची किल्ली ग्रंथपालाकडे ठेवणे, हे तिन्ही ठराव पुरेशी चर्चा न झाल्यामुळे पुढच्या अधिवेशनाकडे जातील. सांबार आपलंच, हा एक तेवढा टाळ्यांच्या गजरात एकमताने मंजूर होईल.